तीस टक्क्यांवर बंद पडणारा फोन

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की स्कूटरच्या हँडलला लावलेल्या फोनचे हाल बघवत नाहीत. डोक्यावर ऊन, स्क्रीनचा उजेड पूर्ण, नकाशा सुरू, आणि भरीस भर म्हणून खिशातल्या पॉवर बँकेतून चार्जिंगही सुरू. आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य, असं ॲपलने आपल्या सूचनांत लिहून ठेवलं आहे. त्यापुढच्या उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, हेही कंपनीच सांगते. मार्चअखेरपासून पहिला पाऊस पडेपर्यंत बडोद्यातली जवळजवळ प्रत्येक दुपार या मर्यादेच्या बाहेरची असते. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो, हँडलवरचा फोन उन्हात असतो.

रावपुऱ्यात मरीमातानो खांचो हा शहराचा जुना मोबाइल बाजार. नवे-जुने फोन, कव्हर, काच, चार्जर आणि दुरुस्ती, सगळं तिथे एका गल्लीत मिळतं. तिथल्या काउंटरवर ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात. चार्जिंग टिकत नाही. फोन फार तापतो. तीस टक्के दाखवतो आणि फोटो काढायला गेलं की बंद पडतो. चार्जरला लावला की लगेच पुन्हा तीस दाखवतो. गिऱ्हाईक निदान घरून करूनच आलेलं असतं: ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ बऱ्याचदा ते बरोबर असतं, पण नेहमीच नाही. बॅटरी धडधाकट असताना तिच्यावर खापर फुटतं, आणि ती खरोखर धोकादायक झालेली असताना घरची मंडळी ‘चालतंय ना अजून’ म्हणत राहतात.

तीस टक्क्यांवर बंद पडण्याचा प्रकार आधी समजून घेऊ, कारण घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते त्यातून उलगडतं. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आतली मांडणी अशी: एका बाजूला ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा थर, मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पातळ पडदा, आणि सगळं एका द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये शिरतात, वापरताना परत फिरतात. हा द्रव म्हणजे सेंद्रिय द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा एक क्षार, लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट. बडोद्यात कार्यालय असलेल्या गुजरात फ्लोरोकेमिकल्सच्या समूहाने याच क्षाराच्या उत्पादनासाठी भरूच जिल्ह्यात दहेजच्या बाजूला कारखाना घातला आहे.

आयनांची ही ये-जा अगदी निर्दोष नसते. दर खेपेला थोडं लिथियम ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्यात अडकून पडतं आणि पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेत हा पापुद्रा भराभर जाड होतो. परिणाम दोन. एक, बॅटरीत साठा कमी मावतो. दोन, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे असलेला साठाही हवा तेव्हा, हवा तितक्या जोराने बाहेर पडत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, पण गंजलेल्या पाइपातून नळाला धार येत नाही, तसं हे. फोन नुसता हातात धरून मेसेज वाचताना बारीक धार पुरते. कॅमेरा, फ्लॅश आणि नेटवर्क एकदम सुरू झालं की जोराची धार लागते, बॅटरीचं व्होल्टेज क्षणात खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तीस टक्के खोटे नव्हते. ते बाहेर येऊ शकत नव्हते.

याच गोष्टीवरून ॲपल एकदा चांगलीच अडचणीत आली. जुने आयफोन मुद्दाम मंद केले जातात, अशी कुजबुज बरेच दिवस होती. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केलं, की जुन्या बॅटरीचा फोन अचानक बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअरमधून फोनचा वेग कमी केला जातो. तांत्रिकदृष्ट्या उपाय चुकीचा नव्हता. तो ग्राहकाला न सांगता केला, ही चूक होती. लोकांनी फोन जुना झाला असं समजून नवा घेतला, गरज होती फक्त नव्या बॅटरीची. त्यानंतर कंपनीने वर्षभर बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो साडेसहा हजारांवरून दोन हजार अधिक कर इतका आला. २०१८ च्या मार्चमध्ये आलेल्या आयओएस ११.३ पासून ‘बॅटरी हेल्थ’चा आकडा सेटिंग्जमध्ये दिसू लागला. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. आज प्रत्येक जण जो आकडा मोठ्या काळजीने बघतो, तो या भांडणातून मिळालेला आहे.

आयफोनमध्ये हा आकडा सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’त सापडतो. शंभरचा ऐंशी झाला की बॅटरी बदलण्याचा विचार करावा, हा सर्वसाधारण दंडक. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल, तर आयफोन १५ पासून पुढची १,००० सायकलनंतर, असं ॲपल सांगते. सायकल म्हणजे चार्जरला किती वेळा लावला ते नव्हे. आज साठ टक्के वापरून भरले आणि उद्या चाळीस, तर दोन्ही मिळून एक सायकल. त्यामुळे दिवसातून तीनदा थोडं थोडं चार्ज केलं तर ‘सायकली वाया जातात’ ही भीती निराधार आहे.

अँड्रॉइडचं काम कंपनीगणिक वेगळं. सॅमसंगच्या फोनांत ‘सॅमसंग मेंबर्स’ हे ॲप बॅटरीची तपासणी करून ती ठीक आहे की अशक्त ते सांगतं. पिक्सेलच्या नव्या फोनांत आणि इतरही काही कंपन्यांच्या अलीकडच्या मॉडेलांत सेटिंग्जमध्येच आरोग्याचा आकडा आणि सायकली दिसतात. काही फोनांत डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बॅटरीचं तापमान आणि व्होल्टेज दिसतं; काहींत काहीच होत नाही. ‘ॲक्यूबॅटरी’सारखं ॲप किती करंट आत गेला आणि टक्के किती वाढले यावरून क्षमतेचा अंदाज बांधतं, पण त्यासाठी पाच-सहा चार्जिंग होऊ द्यावी लागतात. बसवल्या बसवल्या त्याने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नये. मुळात हे सगळे आकडे हिशेबातून काढलेले असतात. बॅटरीत डोकावून कुणीच पाहिलेलं नसतं.

मग खात्री कशी करायची? घरच्या घरी बरंच कळतं. फोन पूर्ण चार्ज करावा, एअरप्लेन मोडवर टाकावा, उजेड मधोमध ठेवावा आणि आधीच उतरवून ठेवलेला एखादा लांबलचक व्हिडिओ लावून द्यावा. बॅटरी एका लयीत उतरत गेली तर बहुधा ती बरी आहे आणि गडबड दुसरीकडे आहे. चौऱ्याऐंशीवरून एकदम एकाहत्तर, मग बराच वेळ एकाहत्तरच, अशा उड्या दिसल्या तर बॅटरीवर संशय घ्यावा. दुसरी परीक्षा रात्रीची. एअरप्लेन मोडवर ठेवलेल्या फोनचे सकाळपर्यंत दोन-चार टक्के जाणं स्वाभाविक आहे. एअरप्लेन मोडवर काहीच जात नाही आणि एरवी रात्रीतून वीस टक्के जातात, तर दोष बॅटरीचा नाही. कुठलं तरी ॲप जागं राहतं आहे, किंवा नेटवर्क कमजोर आहे.

नेटवर्कचं दुखणं जुन्या शहरात विशेष जाणवतं. मांडवीच्या आसपासच्या दाट वस्तीत, जाड भिंतींच्या वाड्यांत, तळघरातल्या दुकानांत सिग्नलची एकच काडी दिसते. टॉवर लांब किंवा आडोशाला असला की फोन आपला रेडिओ जोर लावून चालवतो आणि बॅटरी खातो. तोच फोन अलकापुरीतल्या मोकळ्या ऑफिसात दिवसभर टिकतो. अशा वेळी बॅटरी बदलून पैसे घालवण्यापेक्षा घरच्या वायफायवर कॉल होतील अशी सोय सेटिंग्जमध्ये सुरू करावी. नवं अपडेट आल्यानंतरचे एक-दोन दिवसही बॅटरी जास्त उतरते. फोन आत फोटोंची आणि फायलींची फेरमांडणी करत असतो. तेवढ्यासाठी दुकान गाठू नये.

आणि ‘चार्जच होत नाही’ या तक्रारीत तर बॅटरीचा नंबर शेवटी लागतो. आधी केबल, मग अडॅप्टर, मग फोनचं चार्जिंगचं भोक. पँटच्या खिशातला धाग्यांचा भुगा त्यात दाबून दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढला की कित्येक फोन ‘दुरुस्त’ होतात. सुई किंवा टाचणी मात्र घालू नये.

जाणता कारागीर काय करतो ते बघण्यासारखं असतं. फोन उघडण्याआधी तो चार्जर आणि केबल यांच्यामध्ये बोटाएवढा यूएसबी मीटर लावतो. छोट्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. करंट नीट आत जातो आहे, तरी टक्के टिकत नाहीत. म्हणजे चार्जर आणि जॅक निर्दोष. मग तो फोन काचेच्या काउंटरवर उताणा ठेवून बोटाने हलकेच फिरवतो. सपाट पाठीचा फोन जागच्या जागी अडतो. पोट आलेला फोन गर्रकन फिरतो. (कॅमेऱ्याचा उंचवटा असलेल्या फोनला ही युक्ती लागू नाही, तिथे पट्टी आडवी धरून बाक बघतात.) मग मागची बाजू गरम करून गोंद सैल करायचा, प्लास्टिकची पातळ पत्ती कडेने फिरवायची, आणि झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची पट्टी बोर्डावरून सोडवण्याचं. आतली काळी किंवा चंदेरी पाकिटासारखी बॅटरी मधोमध टम्म झालेली असते, तिच्यावरचं लेबल ताणून चकचकीत दिसतं. ‘बेन, बॅटरी फूली गई छे,’ असं म्हणून तो ती समोर ठेवतो. बेन मराठी असल्या तरी एवढं गुजराती बडोद्यात सगळ्यांना कळतं.

फुगलेल्या बॅटरीपुढे ‘चालतंय ना अजून’ हा युक्तिवाद चालत नाही. आतला द्रव विघटन पावून वायू झालेला असतो आणि पाकीट तो धरून ठेवतं. स्क्रीन एका कडेने उचलली गेली, मागचं झाकण सुटलं, कडेची बटणं दाबायला जड जाऊ लागली, की फोन बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टोचून ‘हवा काढायची’ तर मुळीच नाही. आतला पातळ पडदा फाटून दोन थर एकमेकांना टेकले की बॅटरी स्वतःच्याच उष्णतेने भडकते. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बाबतीत हेच घडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आलेला हा फोन दोन महिन्यांत कायमचा बंद करावा लागला. जानेवारी २०१७ च्या अहवालात कंपनीने कारण दिलं: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी जागा कमी पडून थर वाकला होता, आणि बदली म्हणून आणलेल्या दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. आपल्याकडे विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०१६ मध्येच हा फोन विमानात वापरायला मनाई केली होती.

त्याआधीची आठवण नोकियाची. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी जातीच्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात आणि त्या बदलून मिळतील. तापल्याच्या घटना जगभरात शंभराच्या आसपास होत्या, पण भारतात घबराट पसरली. घरोघरी लोकांनी फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी हातात घेतली आणि तिच्यावरचा बारीक क्रमांक भिंगातून वाचला. त्या वेळी बॅटरी नखाने निघत होती. आज हीट गन लागते.

बॅटरी बदलायचीच ठरली की खरी परीक्षा सुरू होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये खात्री मिळते, पण चार-पाच वर्षं जुन्या फोनला कधी कधी नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था होते, किंवा त्या मॉडेलची बॅटरी येणंच बंद झालेलं असतं. बाजारात ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखी’ आणि ‘कॉपी’ अशा तीन भाषा बोलल्या जातात आणि तिन्हींचं पाकीट सारखंच दिसू शकतं. गिऱ्हाइकाच्या हाती एक साधन आहे, ते फार कमी जण वापरतात. लिथियम बॅटऱ्यांना आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ या मानकाचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक बॅटरीच्या लेबलावर असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की तो कुठल्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानातच उभं राहून बघायला दोन मिनिटं लागतात. क्रमांकच नसेल, किंवा तो भलत्याच वस्तूचा निघाला, तर ती बॅटरी स्वस्तात मिळाली तरी नको. खोटा क्रमांक छापणाऱ्याला कुणी अडवू शकत नाही हे खरं, पण तो छापण्याचेही कष्ट न घेतलेला माल यातून लगेच बाहेर पडतो.

लेबलावरच्या मोठ्या आकड्याला भुलण्याचंही कारण नाही. मूळ बॅटरी ४,००० एमएएचची आणि त्याच आकाराची, त्याच जाडीची बाजारातली बॅटरी ५,५०० एमएएचची, हे होत नसतं. जागा तेवढीच असेल तर चमत्कार फक्त छपाईत असतो. नव्या आयफोनात बाहेरची बॅटरी घातली की ‘हा भाग ओळखता आला नाही’ अशा अर्थाची सूचना येते. त्यावरून बॅटरी वाईटच असं ठरत नाही, पण दुकानदाराने ते आधी सांगायला हवं. एक गोष्ट मात्र हक्काने मागावी: फोन परत चिकटवताना वापरलेला गोंद आणि त्याची पाण्यापासूनची राखण. एकदा उघडलेला फोन आधीइतका पाणीरोधक राहील, असं गृहीत धरू नये.

पाण्याचा विषय बडोद्याला नव्याने शिकवावा लागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस मुसळधार पाऊस आणि आजवा जलाशयाचं पाणी यांमुळे विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली. कित्येक वस्त्यांत वीज बंद ठेवावी लागली, आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या कुटुंबाचा जगाशी असलेला एकुलता दुवा म्हणजे फोनमध्ये उरलेले टक्के. अशा वेळी जुन्या बॅटरीची किंमत कळते. पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या पॉवर बँका भरून ठेवाव्यात आणि घरात निदान एक फोन सशक्त बॅटरीचा असावा. भिजलेला फोन बंद करून, पुसून, हवेशीर जागी उभा ठेवावा. लगेच चार्जरला लावू नये. तांदळाच्या डब्यात तर अजिबात खुपसू नये. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं ॲपलने २०२४ च्या सुरुवातीला स्पष्टच सांगून टाकलं.

आता राखणीचं. यावर घरोघरी वाद आहेत. रात्रभर चार्जिंगला ठेवावा की नाही, शंभर करावा की ऐंशी, शून्यावर येऊ द्यावा की नाही. पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. लिथियमला ती उलट घातक. बाकीच्या वादांपेक्षा मोठा शत्रू एकच: उष्णता, आणि त्यातही भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहणं. लिथियम-आयनबद्दल नेहमी दिली जाणारी आकडेवारी बोलकी आहे. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. शंभर टक्के भरून त्याच तापमानात ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केलं आणि बॅटरी पूर्ण भरलेली असली तर ६५. म्हणजे न वापरता, नुसती ठेवून, एका वर्षात तिसरा हिस्सा गायब. बडोद्यात उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर चाळीस अंश ही फार सौम्य कल्पना आहे.

म्हणून ऐंशी टक्क्यांवर हात राखून चार्ज करणं हिशेबात बसतं. आयफोन १५ पासून पुढे आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ऐंशीवर थांबण्याची सोय आहे. रात्रभर ऐंशीवर थांबून पहाटे शंभर करणारीही आहे. ती एकदा सुरू करून विसरून जावं. दिवसभर बाहेर राहणाऱ्याने शंभर खुशाल करावेत, गरजेपुढे बॅटरी मोठी नाही. नुकसान होतं ते दिवसरात्र चार्जरलाच जोडून ठेवलेल्या फोनांचं. दुकानात क्यूआरच्या पैशांचे मेसेज बघायला ठेवलेला जुना फोन, अमेरिकेतल्या नातवंडांच्या व्हिडिओ कॉलसाठी आजोबांच्या खाटेशी कायम प्लगला लावलेला टॅब. तो कायम शंभरवर असतो, कायम कोमट असतो, आणि मग एके दिवशी त्याची पाठ फुगते. अशा फोनला ऐंशीची मर्यादा घालावी. तशी सोय नसेल तर दिवसातून काही तास प्लग काढावा.

पॉवर बँक आणि नवरात्र हा आणखी एक विषय. बडोद्याच्या गरब्यात रात्री तासन्‌तास व्हिडिओ चालतात. गर्दीत नेटवर्क खचाखच, त्यामुळे फोन आधीच तापलेला. त्या अवस्थेत फास्ट चार्जिंगची पॉवर बँक लावली की उष्णतेवर उष्णता. फास्ट चार्जिंग वाईट नाही, फोन गरम झाला की स्वतःच वेग उतरवतो. पण जाड रबरी कव्हर काढून, दहा मिनिटं फोनला विसावा देऊन मग लावलं तर फोनचंच भलं. वायरलेस चार्जिंगमध्येही उष्णता जास्त निघते. उशीखाली, गादीवर, देवघरातल्या समईशेजारी फोन चार्जिंगला ठेवू नये. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणं हा तर नवाच रोग. आतल्या दमटपणाने बोर्डावर पाणी जमतं. पंख्याखाली, सावलीत ठेवला की पुरे.

वीज वाचवण्यासाठी म्हणून चार्जिंगची काटकसर करणाऱ्यांसाठी एक हिशेब. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधली गळती धरली तरी एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा भरतो. विजेच्या बिलात फोन कुठेच नाही. खर्च आहे तो बॅटरीच्या म्हातारपणाचा.

हा खर्च ग्राहकावर किती पडावा, यावर युरोपने कायदा केला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता राखायला हवी, आणि फेब्रुवारी २०२७ पासून साध्या हत्यारांनी ग्राहकाला बॅटरी बदलता यावी असा नियम लागू होतो, काही टिकाऊ फोनांना सवलत देऊन. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी याचे गुण छापण्याच्या शिफारशीही झाल्या आहेत. गुण छापून आले तर बरंच आहे. पण कारागिराच्या हाती अस्सल बॅटरी वाजवी दरात पोचली नाही, तर ते गुण खोक्यावरच राहतील.

शेवटी काढलेल्या जुन्या बॅटरीचं काय करायचं ते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन प्रक्रियेला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बदललेली बॅटरी दुकानदाराच्या खोक्यात जाते की ड्रॉवरमध्ये घालून घरी येते, हे गिऱ्हाइकाने विचारावं. घरात आधीच पडलेल्या असतील, तर त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्याव्यात. सकाळी दारात येणाऱ्या महापालिकेच्या कचरागाडीत मात्र टाकू नयेत. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबलेली लिथियम बॅटरी पेट घेते.